पपईत साखर शिरेना

कळसाडी, ता. शहादा
१५ जानेवारी २०२५

रोहिणीताई,

नमस्कार आधी घे, कारण पुढे सगळ्या तक्रारीच आहेत. तुझा फोन लागत नाही हे माहीत असूनही मी लावत राहिलो. शेवटी मामींनी सांगितलं की मणिबेलीला होडीवाल्या गोपालभाऊंबरोबर पत्र जातं, म्हणून लिहायला बसलो.

गेल्या आठवड्यात आमच्याकडे वारं सुटलं. पपईची अर्धी बाग आडवी झाली. फळं अजून हिरवी, दगडासारखी कडक. टोकाकडे पिवळी रेघ दिसल्याशिवाय व्यापारी फळाला हात लावत नाही. अप्पा म्हणाले, "खड्डा खंदू अन् लोटी देऊ." मला ते बघवलं नाही. मी दोन फळं पिशवीत घातली आणि शहाद्याला बशीरचाचांच्या बेकरीवर गेलो. त्यांच्या टुटी-फ्रुटीच्या पावाला संध्याकाळी रांग लागते आणि ती टुटी-फ्रुटी कच्च्या पपईची असते, एवढं मला माहीत होतं. चाचा ती बाहेरगावाहून मागवतात. त्यांनी पपई ठोकून पाहिली, जसं काही कलिंगडच आहे, आणि म्हणाले, "बेटा, रमजान के पहले नमुना ला. टुकडा दात को लगना चाहिये और बीच तक लाल चाहिये, बीच तक मीठा. जमा तो साल भर तेरे से लूंगा."

ताई, आता खरी गोष्ट सांगतो. होळीनंतर मला सुरतेला नवनीत भाऊजींकडे कापडाच्या लूमवर पाठवायचं ठरलं आहे. शाळा मी अर्ध्यात सोडली तेव्हापासून अप्पा माझ्याकडे असं बघतात, जसा मी घरात चुकून राहिलेला पाहुणा आहे. मला जायचं नाही. लूमच्या आवाजाने माझं डोकं फुटतं आणि मला इथलीच माती कळते. मी अप्पांना म्हणालो, चाचांना नमुना पसंत पडला तर मी राहू का? ते म्हणाले, "पडू दे, मंग देखू." अप्पांचं "देखू" म्हणजे अर्धा होकार असतो.

मग मी कामाला लागलो. फोडी एकसारख्या कापल्या, चीक धुतला, कडकपणा यावा म्हणून चुन्याच्या निवळीत ठेवल्या, पुन्हा धुतल्या आणि लाल रंगाच्या घट्ट पाकात बुडवल्या. अप्पा ओट्यावरून बघत होते. म्हणाले, "च्यामा साखर कमी टाका म्हनस डॉक्टर, अन् हाऊ बादलीमा वती ऱ्हायना!"

सकाळी झाकण काढलं तर फोडी आक्रसून गेलेल्या, चामड्यासारख्या. आणि पाक वर चढलेला, पाण्यासारखा पातळ. एक फोड चावली. आत गोडीचा पत्ता नाही.

मी काय चुकलो? तू विज्ञान शिकवतेस. रमजान मार्चच्या सुरुवातीला आहे. लवकर लिही.

तुझा भूपेंद्र


मणिबेली
२२ जानेवारी २०२५

भूपा,

तुझं पत्र आलं तेव्हा मी पोरांबरोबर नर्मदेच्या काठावर होते. गोपालभाऊने होडीतूनच ओरडून विचारलं, "मास्तरीण, कुणाचं लग्न?" एवढं जाड पाकीट इथे लग्नाचंच येतं. मी म्हटलं, पपईचं आहे.

घाबरू नकोस. तू जन्मापासून आधी घाबरतोस आणि मग करतोस. सोपं आहे. फोडींतलं पाणी पाकात आलं, म्हणून पाक पातळ झाला. पातळ पाक गोडी देणार कसा? तुझी साखर कमी पडली. पाक आणखी घट्ट कर, तार येईपर्यंत, आणि फोडी जास्त वेळ ठेव. जोर वाढला की साखर आत शिरेल.

आत्याला सांग, इथे सगळं बरं आहे. खोलीचं छप्पर नवीन झालं. पाणी खाली गेलं की बुडालेल्या झाडांचे शेंडे वर येतात आणि पोरं त्यांवर बगळे मोजतात. इथली पावरी बोली मला अजून नीट बोलता येत नाही, त्यामुळे वर्गात निम्मा वेळ पोरं माझी मास्तर असतात.

गोपालभाऊ इंजिन चालू करून हाका मारतोय. बाकी नंतर.

रोहिणी


कळसाडी
२८ जानेवारी २०२५

ताई,

रागावू नकोस, पण तुझं ऐकलं आणि आणखी बिघडलं.

तार येईपर्यंत पाक केला. फोडी सुपारी झाल्या. चाचांना एक दाखवली तर त्यांनी ती दाताखाली धरून सुनेला हाक मारली, "सबीहा, अडकित्ता ला!" दुकानातली सगळी गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो.

पण ताई, आता मी जे लिहिणार आहे ते हळू वाच, कारण मला ते पाहून झोप लागेनाशी झाली आहे, आणि भीतीने नव्हे.

मी एक फोड मधोमध कापली. कडेला लाल रंगाची बारीक किनार, लुगड्याला असते तशी, आणि आत सगळं पांढरं. म्हणजे रंग फक्त सुरीने कापलं गेलं तेवढ्यापुरता शिरला आणि पुढे थांबला. थांबला म्हणजे, कुणीतरी थांबवला! साखरही तिथेच थांबली असणार, कारण मधला भाग फिकाच होता. पण पाणी मात्र त्याच फोडीतून भराभरा बाहेर आलं. मी विचार करून थकलो. भोकं असतील तर पाणी बाहेर येईल आणि साखर आत जाईल. भोकं नसतील तर काहीच जाणार नाही. पाण्याला जाऊ देणारी आणि साखरेला अडवणारी ही कसली भिंत?

मग मी एक उद्योग केला. नव्या फोडी थोडाच वेळ पाकात ठेवल्या. त्या आक्रसल्या. त्या धुतल्या आणि साध्या पाण्यात टाकल्या. संध्याकाळी बघतो तर पुन्हा ताठ! चांगल्या टच्च फुगलेल्या, चावल्या तर करकर वाजतात. पाणी बाहेर गेलं तसं परत आत आलं. म्हणजे फोड कापल्यावरही पपई मेलेली नसते का? आई म्हणाली, "येडा, फोडी कोठे जित्या ऱ्हातस?" पण मला वाटतं, असतात.

तुझ्या पुस्तकात याबद्दल काही आहे का? तू म्हणालीस जोर वाढव. जोर वाढवला की उलट होतं. जितका घट्ट पाक, तितकं पाणी बाहेर.

आई मला फोडी विस्तवाजवळ नेऊ देत नाही, हेही एक संकट आहे. मी म्हटलं, थोड्या कोमट तरी करू? तर म्हणाली, "फोडीस्ले वाफ लागनी का गयं बठ्ठं. मन्ही सासूनी सांगेल शे." लोणच्याच्या बाबतीत तिचं कधी चुकलेलं नाही.

वेळ जातो आहे. अप्पांनी भाऊजींना फोन करून माझ्यासाठी खोली बघायला सांगितली.

भूपेंद्र


मणिबेली
७ फेब्रुवारी २०२५

भूपा, भूपा, भूपा!

उशीर झाला. इथे लहान पोरांत जुलाबाची साथ आली, एक पोरगी फार गळून गेली होती, ते पुढे कधी लिहीन, आता ती बरी आहे. पण मी तुझं पत्र खिशात घेऊन फिरत होते. ती "कसली भिंत" मला जेवू देईना.

तुला एक गोष्ट माहीत नसेल. मी इतिहास घेऊन बी.ए. झाले. इथे सगळे विषय एकाच माणसाला शिकवावे लागतात, म्हणून विज्ञानही माझ्याकडे आलं. परासरणाचा धडा मी पोरांना शिकवला आहे. व्याख्या फळ्यावर लिहिली, त्यांनी उतरवून घेतली. आणि तू त्याच व्याख्येत बोट घालून विचारलंस, तेव्हा मला कळलं की मी ती कधी समजून घेतलीच नव्हती. तरी तुला ऐटीत सल्ला दिला. पुन्हा धडा काढून बसले.

तुझी भिंत खरी आहे. पपई पेशींची बनलेली असते, आणि प्रत्येक पेशीला आतून एक पातळ पडदा असतो. पुस्तकात त्याला प्रद्रव्यपटल म्हणतात. तो तेलकट असतो, दोन थरांचा. पाण्याचे कण इतके लहान की ते त्यातून वाट काढतात, त्यांच्यासाठी खास बारीक वाटाही असतात. साखरेचा कण मोठा, आणि तेलात न मिसळणारा. तो पडद्याशी येऊन उभा राहतो. पाणी नेहमी जिकडे साखर जास्त, तिकडे ओढलं जातं. बाहेर तुझा घट्ट पाक, आत पेशी. पाणी बाहेर पळालं, साखर दाराशीच. पाक जितका घट्ट, तितकं पाणी जोरात बाहेर. तू हे सगळं डोळ्यांनी पाहून मला लिहिलंस आणि मी जोर वाढवायला सांगितलं!

आता पुढचं ऐक. ही भिंत पाडायची कशी, हे पुस्तकात नव्हतं. ते मला स्वयंपाकघरात सापडलं.

आमच्या शाळेत लाल माठाची भाजी आठवड्यातून दोनदा असते. स्वयंपाक करणारी भुरीबाई ती धुते तेव्हा धुतलेलं पाणी स्वच्छ असतं. तीच भाजी पातेल्यात शिजली की पाणी रक्तासारखं लाल. हे मी रोज बघते. परवा बघताना मी ताटच खाली ठेवलं. इतका वेळ थंड पाण्यात राहूनही रंग बाहेर आला नाही, आणि गरम होताच सगळा आला. का?

पोरांना मैदानात बसवलं. एका वाटीत थंड पाणी, एकीत गरम. दोन्हींत धुतलेली पानं. थंड वाटी दुपारपर्यंत नितळ राहिली. गरम वाटीत लगेच लाल धागे सुटायला लागले आणि काजल नावाची वर्गातली पोरगी उठून नाचायलाच लागली. "घर जळलं! घर जळलं!" असं ती पावरीत ओरडत होती, एवढं मला कळलं. तिचंच बरोबर आहे. उष्णतेने पडदा फाटतो. पेशी मरते, मग आतलं बाहेर जातं आणि बाहेरचं आत येतं.

फोडी उकळ, भूपा! आधी उकळ, मग पाकात टाक.

आणि आपल्या दोघांना हे का सुचलं नाही, सांगू? आपण लोणच्याच्या घरात वाढलो. तुझी आजी तीच माझ्या आईची गुरू. फोडींना वाफ लागू द्यायची नाही, पाण्याचा हात लावायचा नाही, हे आपल्याला चालता येण्याआधी शिकवलं. आणि लोणच्यासाठी ते बरोबरच आहे! मीठ लावल्यावर कैरीतून पाणी सुटतं, ते तुझ्या पाकातल्या फोडींसारखंच. पण मसाला लगेच आत जात नाही. तो बाहेर बसून राहतो, फोडी हळूहळू मरतात, मग मीठ-मसाला आत शिरतो. लोणचं मुरतं म्हणतो ना आपण, ते हेच असणार. आजीला पावसाळाभर वाट बघायला वेळ होता. तुला रमजानच्या आत पाहिजे.

आत्याला हे सांगताना मला वाचव.

रोहिणी


कळसाडी
१४ फेब्रुवारी २०२५

ताई,

घरात युद्ध झालं. मी पातेलं चुलीवर ठेवलं, फोडी हातात घेतल्या, आणि आई दारात उभी. "भूपा, तू फोडी उकाळी ऱ्हायना?" मी म्हटलं, हो. "चुना लायी कडक करात, अन् आते मऊ करस?" मी तुझं नाव सांगितलं. मग ती तुझ्यावर घसरली, "ती मणिबेलीमा मासा खाईसन डोकं फिरी गयं तिन्हं." हे मी जसंच्या तसं लिहीत आहे, कारण तूही घरातलीच आहेस.

मी दोन डबे केले. पाक एकच, रंग एकच, एकाच फळाच्या फोडी. एका डब्यात कच्च्या, दुसऱ्यात उकळलेल्या. फार नाही उकळल्या, काचेसारख्या दिसायला लागल्या तेव्हा काढल्या. चुन्यामुळे त्या तेवढ्याने मऊ झाल्या नाहीत, आईला तेही पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन फोडी पाटावर ठेवल्या. कच्ची कापली. किनार लाल, आत पांढरी, नेहमीसारखी. मग उकळलेली कापली.

ताई, लाल! मधोमध लाल! या टोकापासून त्या टोकापर्यंत, आत कुठेही पांढरं नाही, जसं काही फळ मुळातच लाल होतं. मी ओरडलो. अप्पांना वाटलं साप निघाला, ते काठी घेऊन धावत आले. मी त्यांच्यासमोर फोड धरली. त्यांनी काठी खाली ठेवली नाही, पण फोड तोंडात टाकली. दुसरी उचलली.

आई म्हणाली, "गोड लागस." मग लगेच म्हणाली, "पन लोनचाले चालाव नही हां."

एक अडचण राहिली होती, तीही सुटली. पहिल्याच दिवशी घट्ट पाक दिला तर उकळलेल्या फोडीही थोड्या आक्रसतात, कारण पाणी पटकन निघतं आणि साखर हळू शिरते. म्हणून आता पातळ पाकापासून सुरुवात करतो आणि रोज पाक थोडा आटवून घट्ट करतो. फोडी टपोऱ्या राहतात.

आता मला एक गोष्ट सांग, कारण मी कालपासून बागेत उभा राहून तेच बघतो आहे. उरलेल्या झाडांवर आता फळं पिकायला लागली. पिकलेली पपई गोड असते. पण ती तर जिवंत आहे! तिचे पडदे शाबूत आहेत, आणि शाबूत पडदा साखरेला आत घेत नाही, हे आपण दोघांनी सिद्ध केलं. मग झाडावरच्या फळात साखर शिरते कशी? तिला कोण उकळतं?

मी मूर्खासारखं विचारत असेन तर पोरांना सांगू नकोस.

भूपेंद्र


मणिबेली
२० फेब्रुवारी २०२५

भूपा,

पोरांना सांगितलं. फळ्यावर लिहिलं, "कळसाडीच्या भूपाभाऊंचा प्रश्न". दोन दिवस आम्ही दुसरं काही शिकलो नाही.

मूर्ख प्रश्न नाही. इथे दवाखान्याच्या होडीबरोबर नर्स येतात, जसोदाबाई. त्यांना विचारलं आणि त्यांनी जे सांगितलं त्याने मला जुलाबाच्या साथीतली ती संध्याकाळही नव्याने कळली.

पडदा म्हणजे नुसती भिंत नाही. त्यात दारं असतात. साखर तेलातून जाऊ शकत नाही, पण साखरेच्या मापाचं दार असतं, ते पेशीने स्वतः बनवलेलं. साखरेचा कण त्यात बसतो, दार आकार बदलतं आणि कण आतल्या बाजूला सुटतो. मिठाचं दार वेगळं. काही दारं आपोआप चालतात, काहींना पेशी स्वतःची शक्ती खर्च करून चालवते, म्हणजे जिकडे आधीच जास्त साखर आहे तिकडेही ती आणखी ओढून नेते. पपईची पानं उन्हात साखर बनवतात, ती देठातून फळात येते आणि पेशी आपली दारं उघडून हवी तेवढी आत घेतात. कच्च्या फोडीकडेही दारं होतीच, पण थोडी, आणि झाडापासून तोडल्यावर ती चालवायचा दमही सरत जातो. तू एवढा पाक ओतलास आणि तिने घाबरून अंग आक्रसून घेतलं. ही माझी कल्पना, पुस्तकातली नाही. तुझ्यासारखीच वाटली मला ती.

आता त्या पोरीचं. ती इतकी गळाली होती की डोळे आत गेले होते. तिची आई तिला नुसतं पाणी पाजत होती आणि ते राहत नव्हतं. जसोदाबाईंनी पाण्यात मीठ आणि साखर कालवून चमच्याने द्यायला लावलं. मी तेव्हा विचारलंही नाही, साखर कशाला, पोरगी काय लाडाची आहे? आता कळलं. आतड्याच्या पेशीत एक दार असं आहे की मीठ एकटं आलं तर ते उघडत नाही आणि साखर एकटी आली तरी उघडत नाही. दोघं जोडीने आली की उघडतं. ती दोघं आत गेली की पाणी त्यांच्यामागे जातं. भूपा, तिच्या पोटात तुझ्या बादलीतलाच खेळ चालला होता, फक्त उलटा. दुसऱ्या दिवशी ती माझ्या अंगणात येऊन चिंचेसाठी भांडत होती.

मला आता वर्गात जायची घाई असते. आठ वर्षं शिकवते आहे, असं पहिल्यांदाच झालं.

नमुना कधी नेतोस? अप्पांना बरोबर घेऊन जा. एकटा गेलास तर चाचा हो म्हणाले तरी तू नाही ऐकून येशील.

रोहिणी


कळसाडी
२७ फेब्रुवारी २०२५

ताई,

काल नेला. अप्पा बरोबर आले. त्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं नाही, फक्त म्हणालो की ताईने बोलावलं आहे तुम्हाला. ते म्हणाले, "ती मणिबेलीमा, बेकरी शहादामा, अन् बलावी ती ऱ्हायनी?" पण पांढरा सदरा घालून निघाले.

फोडी निथळून, कापडावर वाळवून नेल्या होत्या. चाचांनी परातीत ओतल्या आणि म्हणाले, "दिखने में तो ठीक है. पाव में डालके देखते है." कणीक समोर मळलेली होतीच. आणि मला काय झालं कोण जाणे, मी बोलायला लागलो. पडदा, पाणी, पाक, लाल माठ, आजीचं लोणचं, मणिबेलीची पोरगी, मीठ-साखरेचं जोडीचं दार, सगळं. मी कधी एवढं बोललो नाही. चाचा कणकेत फोडी मिसळत होते आणि मान हलवत होते. सबीहाभाभी गल्ला सोडून आत आल्या आणि त्या मीठ-साखरेच्या जागी थांबवून म्हणाल्या, "फिर से बोल." त्यांचा लहान मुलगा नुकताच आजारातून उठला आहे. मी फिरून सांगितलं. अप्पा पिंपावर बसून माझ्याकडे बघत होते, जसं काही दुसऱ्याच कुणाचा मुलगा बोलतो आहे.

पाव भट्टीतून निघाले. चाचांनी एक फोडला.

ताई, पाव गुलाबी झाला होता. प्रत्येक फोडीभोवती गुलाबी डाग, ओला, पसरलेला. सबीहाभाभी तोंडावर पदर धरून हसल्या. मला त्याच क्षणी कळलं काय झालं ते, आणि म्हणूनच जास्त भीती वाटली. पडदा मेला की तो कुणालाच अडवत नाही. रंग आत घेण्यासाठी मी भिंत पाडली, आणि आता तोच रंग पाडलेल्या भिंतीतून कणकेत निघून गेला. हे मला आधीच दिसायला हवं होतं. तुझ्या लाल माठाने तेच तर दाखवलं होतं. मी चाचांना म्हणालो, "माझी चूक आहे. पेशी मेली की ती काहीच धरून ठेवत नाही. हा माल असाच वागणार."

चाचांनी पावातली एक फोड नखाने काढली. दाताने अर्धी तोडली, उरलेली उजेडाकडे धरून बघितली. मग चावली. बराच वेळ चावत होते.

"बीच तक लाल," ते म्हणाले. "बीच तक मीठा. दात को लगता है." मग गुलाबी डागावर बोट ठेवून म्हणाले, "और ये? ये तो सब का छोडता है, बेटा. बाहर का माल भी छोडता है. इसलिये कणीक में डालने के पहले सूखे मैदे में घुमाते है. तीस साल से घुमाता हूं." आणि एकदम माझ्यावरच ओरडले, "आज भूल गया! तू बोलता रहा, मैं सुनता रहा!"

दुसरा घाणा मैद्यात घोळवून केला. तो मी पाहिला नाही, बाहेर येऊन उभा होतो. सबीहाभाभींनी हाक मारली तेव्हा आत गेलो. पाव पांढरा होता, आणि त्यात लाल फोडी, जागच्या जागी.

चाचांनी अप्पांना विचारलं, "दोधूभाऊ, रमजान भर चाहिये, और ईद के बाद भी. लडका हर हफ्ते लाएगा ना?"

अप्पांच्या हातात अर्धा पाव होता. ते म्हणाले, "हाऊ ते होळीनंतर सुरतले जाई ऱ्हायना."

"अच्छा? कब?"

अप्पांनी पाव तोंडात टाकला. मी त्यांचा जबडा हलताना बघत होतो. त्यांनी तो पूर्ण खाल्ला, हात झटकले, सदऱ्यावरचे कण झटकले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"आते सुरतले नही."

तुझा भूपा